तुन-हुआंगची लेणी : भिंतीच्या तळाशी उभी असलेली माणसे

कार्ले, भाजे, जुन्नर, अजिंठा ही लेणी पाहिलेल्या आपल्या वाचकांच्या मनात लेणे म्हटले की दख्खनचा काळा कातळ उभा राहतो. तो कठीण आहे, एकसंध आहे, छिन्नीचा घाव जसाच्या तसा जपून ठेवणारा आहे. चीनच्या वायव्येस, गान्सू प्रांतातील तुन-हुआंग शहराजवळची मोगाओ लेणी पाहावयास आम्ही गेलो, तेव्हा पहिले आश्चर्य वाटले ते तेथील दगडाचेच. नदीने युगानुयुगे वाहून आणलेले गोटे आणि वाळू एकमेकांस चिकटून हा कडा तयार झाला आहे. त्यात खोदून पोकळी करता येते. पण मुखावरचे स्मित, चीवराची चुणी किंवा कमळाची पाकळी कोरता येत नाही. छिन्नी लावली की गोटाच निखळून हातात यावा, असा तो दगड.

म्हणून येथील कारागिरांनी निराळी वाट शोधली. त्यांनी कड्यात दालने खोदली, आतील ओबडधोबड भिंती गवताचा भुगा मिसळलेल्या मातीने लिंपल्या आणि त्यांवर चित्रे काढली. मूर्तीसाठी लाकडाचा सांगाडा उभा करावयाचा, त्यास बोरू किंवा पेंढा बांधावयाचा, वर मातीचे थर चढवावयाचे आणि शेवटी रंग द्यावयाचा. अजिंठ्याच्या भिंतींवरही माती व वनस्पतींचे तंतू यांचाच गिलावा आहे, हे येथे आठवते. परंतु अजिंठ्यात मातीखाली कातळाचा आधार आहे. येथे सारी मदार मातीवर. अशा मातीच्या दोन हजारांहून अधिक मूर्ती आणि सुमारे ४५ हजार चौरस मीटर भित्तिचित्रे दीड हजार वर्षांच्या काळातून आपल्यापर्यंत पोहोचली, याचे एक मोठे कारण वाळवंट हेच होय. येथे वर्षाकाठी जेमतेम ४० मिलिमीटर पाऊस पडतो.

या लेण्यांतील बुद्धमूर्तींचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांस येथे प्रामुख्याने सांगावयाचे आहे ते मूर्तींच्या खाली, भिंतीच्या तळाशी, जी माणसे उभी आहेत त्यांच्याविषयी.

प्रथम तेथे कसे जावे व काय पाहावयास मिळते, ते थोडक्यात सांगतो. लेणी तुन-हुआंग शहराच्या आग्नेयेस सुमारे २५ किलोमीटरवर आहेत. थेट लेण्यांच्या दारात कोणासही सोडत नाहीत. २०१४ साली उघडलेल्या प्रदर्शन-केंद्रात आधी दोन चित्रपट दाखविले जातात आणि मग बसने लेण्यांकडे नेले जाते. तेथे प्रत्येक गटास एक मार्गदर्शक मिळतो. त्याच्या हाती किल्ल्या व विजेरी असते. क्रमांक लिहिलेले दार तो उघडतो, गट आत जातो, तो विजेरीचा झोत टाकून समजावून सांगतो आणि बाहेर आल्यावर दार पुन्हा बंद होते. सर्वसाधारण तिकिटावर आठ लेणी पाहता येतात, काही खास लेण्यांसाठी निराळे शुल्क पडते. आत छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे. माणसांच्या श्वासामुळे आतील ओलावा वाढतो व रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून दर्शनार्थींच्या संख्येवर मर्यादा घातलेली आहे, आणि वाळूचे वादळ उठले तर दारे उघडतच नाहीत. आम्ही गेलो त्या सकाळी वाऱ्यामुळे बराच वेळ थांबावे लागले. आत अंधार असतो, आणि मार्गदर्शकाची विजेरी जेथे फिरेल तेवढेच दिसते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

परंपरा सांगते की इ. स. ३६६ मध्ये लेत्सुन नावाचा भिक्खू या कड्यापाशी आला. त्यास सोनेरी प्रकाशात सहस्र बुद्ध दिसल्याचा भास झाला आणि त्याने येथे पहिले लेणे खोदविले. त्याच्यानंतर फा-लियांग या भिक्खूने दुसरे. हा वृत्तांत ६९८ सालच्या एका शिलालेखात आहे. चमत्काराची कथा बाजूला ठेवली तरी स्थळाची निवड समजण्यासारखी आहे. चीनहून पश्चिमेस निघालेल्या माणसास तुन-हुआंग हे वाळवंटापूर्वीचे शेवटचे मोठे ठाणे होते आणि भारताकडून येणाऱ्यास चीनमधील पहिले. फाहियान इ. स. ४०० मध्ये येथे महिन्याहून अधिक काळ राहिला आणि तेथील शासक ली हाओ याने दिलेली सामग्री घेऊन पुढे वाळवंटात उतरला. त्या वाटेवर मेलेल्यांची हाडे हीच काय ती खूण असे, असे त्याने लिहून ठेवले आहे. महाराष्ट्र देश पाहून गेलेला ह्युएन त्संग परतताना याच मार्गाने ६४५ मध्ये राजधानीस पोहोचला. जाणारा येथे सुखरूप प्रवासाची कामना करी, येणारा कृतज्ञतेने दान देई. अशा दानांतून हजार वर्षे हा कडा पोखरला गेला. आज चित्रे व मूर्ती असलेली ४९२ लेणी मोजली जातात. उत्तरेकडील भाग धरल्यास एकूण संख्या ७३५ होते.

आपल्या लेण्यांशी त्यांचे नाते कोठे दिसते? लेणे क्रमांक २५४ पाहावे. ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. आत चौरस स्तंभ आहे. तो जमिनीपासून छतापर्यंत गेला असून त्याच्या चारही बाजूंस कोनाड्यांत बुद्धमूर्ती आहेत. त्याच्याभोवती प्रदक्षिणेस वाट सोडलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तूपाची जागा येथे या स्तंभाने घेतली आहे. पुढच्या भागाचे छत मात्र चिनी घराच्या दुपाखी छपरासारखे! कार्ल्याच्या दगडी छतास लाकडी फासळ्या आहेत, येथे मातीत लाकडी वाशांचा आकार उमटविला आहे. परक्या देशात गेलेला धम्म आपले घर तेथल्याच छपराखाली मांडतो, हे यावरून समजते. या काळातील लेण्यांत अनेक आकृती काळ्याठिक्कर दिसतात. मूळ रंग तसे नव्हते. रंगातील शिशामुळे कालांतराने ते काळवंडले.

शेजारच्या २५७ क्रमांकाच्या लेण्यात रुरु मृगाचे जातक आहे. बुडणाऱ्या माणसास मृगाने वाचविले आणि त्याच माणसाने बक्षिसाच्या लोभाने राजास त्याचा ठावठिकाणा सांगितला, ही कथा अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातही रंगविली आहे. तुन-हुआंगच्या चित्रात कथा दोन्ही टोकांकडून सुरू होऊन मध्यावर मिळते, आणि तेथे राजासमोर मृग ताठ मानेने उभा आहे. गुडघे टेकलेले नाहीत, मान झुकलेली नाही. आम्हांस ते चित्र फार आवडले.

२८५ क्रमांकाचे लेणे निराळे शुल्क भरून पाहिले. त्यात ५३८ व ५३९ या वर्षांचे लेख आहेत, त्यामुळे अभ्यासकांस ते विशेष मोलाचे वाटते. दोन्ही बाजूंच्या भिंतींत चार-चार लहान कोठड्या आहेत. एक माणूस कसाबसा मांडी घालून बसेल एवढ्याच. विहाराची ही आठवण पाहून अजिंठा व नाशिक येथील भिक्खूंच्या खोल्या डोळ्यांपुढे आल्या. समोरच्या भिंतीवर महेश्वर, कुमार आणि हत्तीच्या तोंडाचा विनायक यांची चित्रे आहेत. ती पाहून आपल्यापैकी कोणी चमकेल. पण ते तेथे पूज्य म्हणून नाहीत. मध्ये बुद्धमूर्ती आहे आणि हे सारे तिच्या दोन्ही अंगांस रक्षक म्हणून उभे केले आहेत. दक्षिण भिंतीवर पाचशे दरोडेखोरांची कथा आहे. राजाने डोळे काढून रानात सोडलेल्या त्या माणसांना बुद्धामुळे दृष्टी मिळते आणि ते भिक्खू होतात.

मार्गदर्शकाची विजेरी बुद्धमुखांवरून खाली उतरत नव्हती. आम्ही विनंती केल्यावर ती उत्तरेकडील भिंतीच्या तळाकडे वळली. तेथे वीतभर उंचीची माणसे रांगेने उभी होती. पुढे भिक्खू, मागे एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया, हातांत फुले. प्रत्येकाशेजारी उभ्या पट्टीत नाव लिहिलेले. हे दाते. वरच्या बुद्धाचे चित्र त्यांच्या दानातून झाले होते.

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सिंहदत्त या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान लेखात नोंदले आहे. तेथेच सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणी भेटतात. आपल्याकडे ही माणसे अक्षरांत आहेत, त्यांचा चेहरा आपणांस ठाऊक नाही. तुन-हुआंगला नाव आणि चेहरा एकत्र मिळतात. वाचकांपैकी जे जातील त्यांनी विजेरी खाली वळविण्याची विनंती अवश्य करावी.

मात्र ही रांग शतकांगणिक बदलत गेली, आणि तो बदल डोळे उघडणारा आहे. सहाव्या शतकात दाता वीतभर आहे. दहाव्या शतकातील ९८ क्रमांकाच्या लेण्यात पाऊल टाकताच एक भव्य पुरुष समोर येतो. तो बुद्ध नव्हे, बोधिसत्त्वही नव्हे. तो खोतानचा राजा, माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठा, रत्नजडित मुकुट घातलेला. त्या काळी तुन-हुआंगवर त्साओ घराण्याची सत्ता होती व खोतानचा राजा त्यांचा जावई. लेण्यात सत्ताधीशांचे नातेगोते भिंतभर पसरले. दान देणारा इतका मोठा झाला की कोणापुढे नमस्कार करावयाचा हा प्रश्न पडावा. या चित्राच्या कारागिरीची स्तुती सर्व पुस्तकांत आहे, आणि ती योग्यच आहे. आम्ही मात्र २८५ मधील वीतभर माणसांकडे मनाने परत गेलो.

आता १७ क्रमांकाच्या लेण्याविषयी. ते १६ क्रमांकाच्या लेण्याच्या बोळातून दिसते. जेमतेम तीन मीटर लांब-रुंद. होंग-प्येन या नवव्या शतकातील संघप्रमुखाच्या स्मृत्यर्थ ते केले होते आणि त्याची मूर्ती आज पुन्हा तेथे आहे. पुढे या खोलीत हस्तलिखिते व रेशमी चित्रपट रचून ठेवण्यात आले आणि अकराव्या शतकाच्या आरंभी तोंड बंद करून वर चित्र काढण्यात आले. १९०० साली वांग युआन-लू या ताओपंथी साधूला ती भिंत पोकळ असल्याचे कळले. आत सुमारे पन्नास हजार वस्तू निघाल्या. चिनी व तिबेटीबरोबर संस्कृत, खोतानी, उइगूर, सोग्दी अशा भाषा त्यांत होत्या. १९०७ साली ऑरेल स्टाइन आला. ह्युएन त्संगाविषयीची आपली भक्ती सांगून त्याने वांगचा विश्वास मिळविला आणि सुमारे १३० पौंडांच्या मोबदल्यात हस्तलिखितांच्या २४ व चित्रांच्या ५ पेट्या नेल्या. पुढल्या वर्षी पॉल पेलिओ आला व त्याने निवडक संग्रह पॅरिसला नेला. मग जपानी, रशियन. १९२४ मध्ये अमेरिकेच्या लँग्डन वॉर्नरने तर भिंतीवरची चित्रेच उपसून नेली. वांगने मिळालेला पैसा लेण्यांच्या दुरुस्तीस लावला, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. या लुटीचा हिशेब अनेकांनी मांडला आहे. आमचे लक्ष त्या कागदांत काय लिहिले आहे याकडे अधिक आहे.

त्यातील सर्वांत प्रसिद्ध गुंडाळी म्हणजे कुमारजीवाने चिनी भाषेत आणलेल्या वज्रच्छेदिका सूत्राची छापील प्रत. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ती ११ मे ८६८ रोजी छापली, आणि छापल्याची तारीख ज्यावर आहे अशा जगातील उपलब्ध पूर्ण पुस्तकांत ती सर्वांत जुनी. शेवटी लिहिले आहे की वांग च्ये याने आपल्या माता-पित्यांच्या प्रीत्यर्थ सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी ही करविली. ज्या देशात श्रुती ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओतण्याचा दंड धर्मसूत्रात लिहिला गेला, त्या देशातून गेलेले हे सूत्र फुकट वाटण्यासाठी छापले गेले! ही एक ओळ पाहावयास मिळावी म्हणून कोणी लंडनला गेला तरी ते व्यर्थ म्हणता येणार नाही.

त्याच सूत्राची दुसरी एक हस्तलिखित प्रत आहे. ती एका शेतकऱ्याने आपल्या म्हाताऱ्या नांगरी बैलास सद्गती मिळावी म्हणून करविली. एका नकलकार विद्यार्थ्याने पोथीच्या शेवटी दिवसभराच्या लेखनाबद्दल मिळावयाच्या धान्याविषयी कुरकुर नोंदली आहे. ९५९ सालचा एक करार स्त्रियांच्या मंडळाचा आहे. मोठीस थोरली बहीण मानावे, लहानीस धाकटी. कोणाच्या घरी मृत्यू झाल्यास प्रत्येकीने ठरलेली वस्तू द्यावी. मंडळाची शिस्त मोडणाऱ्या बाईस दंड. आपल्या वस्तीतील कोणत्याही महिला मंडळाच्या कार्यकर्तीस हा करार वाचून दाखवावा, ती त्यात दोन-तीन उपयुक्त दुरुस्त्या सुचवील.

येथवर सारे मनास सुखविणारे आहे. परंतु त्याच कागदांत आणखीही काही आहे, आणि ते वाचकांपासून लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही.

चाओ सेंग-त्झ हा मूर्तिकार होता. दहाव्या शतकात तुन-हुआंगमध्ये मातीच्या मूर्ती घडविणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या नावातील अक्षरांचा अर्थ ‘भिक्खूचे मूल’ असा होतो. घरावर अडचण आली तेव्हा त्याने आपला मुलगा गहू व नाचणीसारख्या बारीक धान्याच्या मोबदल्यात सहा वर्षांसाठी गहाण ठेवला. तो करार शिल्लक आहे. मुलाच्या कामास मजुरी नाही, धान्यास व्याज नाही. मुलगा आजारपणात दगावला तर त्याच्या जागी माणूस देण्याची जबाबदारी थोरल्या भावाची. या मूर्तिकाराच्या हातची कोणती मूर्ती आज कोणत्या लेण्यात उभी आहे, हे कोणत्याही पट्टीवर लिहिलेले नाही. दात्याचे नाव भिंतीवर आहे आणि घडविणाऱ्याचे गहाणखतावर.

याहून कठोर गोष्ट मठांच्या कागदपत्रांत सापडते. तिबेटी राजवटीत, म्हणजे ८४८ पूर्वी, येथील मठांकडे बांधील कुटुंबे होती. त्यांना मठाची घरे म्हणत. शेती, मेंढ्या राखणे, दळण, तेलघाणा, पहारा ही कामे त्यांनी पाळीपाळीने करावयाची. ८४८ मध्ये चांग ई-छाओ याने तिबेटी सत्ता हटविली. त्यानंतर यांपैकी काहींना मुक्त करण्यात आले, पण प्रथा नाव बदलून चालू राहिली. त्यानंतरच्या एका आदेशपत्रात स्पष्ट म्हटले आहे की मठाच्या माणसांनी आपसांतच विवाह करावेत, गावच्या सामान्य रयतेशी करू नयेत. मठाच्या पुरुषाने बाहेरच्या स्त्रीशी संबंध ठेवल्यास होणारी मुले मठाची बांधील समजली जातील, आणि ती पिढ्यानपिढ्या.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचे मर्म म्हणून गटांतर्गत विवाहाकडेच बोट दाखविले होते. ज्यांनी तो निबंध वाचला आहे त्यांना वरील आदेश वाचताना काय वाटेल, हे आम्ही सांगावयास नको. तुन-हुआंगची प्रथा म्हणजे जातिव्यवस्था नव्हे. शुद्धाशुद्धतेची उतरंड तिच्यामागे नव्हती आणि ती जातीइतकी चिवटही ठरली नाही. पण आदेशामागे हित मठांचे होते. ‘हा खरा धम्म नव्हे’ असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. मठाकडे जमीन आली, गिरणी आली, धान्याचे कोठार आले आणि ते राबविण्यास माणसे लागली. मग ती माणसे निसटू नयेत म्हणून त्यांच्या विवाहावर पहारा बसला. ज्या भांडारातून बैलाच्या सद्गतीसाठी लिहिलेले सूत्र निघाले, त्याच भांडारातून हा आदेशही निघाला. दोन्ही एकाच ठिकाणी जपून ठेवलेले होते.

दक्षिणेकडील लेणी पाहून झाल्यावर आम्ही नदीच्या कोरड्या पात्रापलीकडे गेलो. ९६ क्रमांकाच्या लेण्यापुढचे नऊ मजली लाकडी बांधकाम तेथून संपूर्ण दिसते. आतील सुमारे ३५ मीटर उंचीची मैत्रेय मूर्ती ६९५ मधील आहे. दर्शनार्थी त्याचेच चित्र घेऊन परततात. परंतु मान उत्तरेकडे वळविली की कड्यावर नुसती काळी भोके दिसू लागतात. त्यांना रंगविलेली भिंत नाही. या भागात २४३ लेणी असून १९८८ ते १९९५ या काळात तेथे उत्खनन झाले. भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या, खालून ऊब देण्याची सोय असलेले मातीचे ओटे, चुली, ध्यानाच्या कोठड्या आणि मृतांस ठेवण्याच्या गुहा तेथे आढळल्या. येथल्याच एका गुहेत १९०८ साली पेलिओला उइगूर लिपीचे लाकडी खिळे मिळाले होते.

मार्गदर्शकाने किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला आणि तिकडे काही पाहण्यासारखे नाही असे सौजन्याने सांगितले. परतीची बस सुटण्यास वीस मिनिटे होती. आम्ही ती तेथेच, त्या भोकांकडे पाहत काढली. एका चुलीवरची काजळी लांबूनही दिसते असे आमच्यातील एका उपासिकेचे म्हणणे पडले. इतरांना ती सावली वाटली.